क्विल्टचा पॅटर्न वाचायचा कसा: ब्लॉक, सेटिंग, सॅशिंग, बॉर्डर आणि त्यामागची मापं

पॅटर्न हातात आला की आपण सगळे आधी फोटो बघतो आणि मग थेट कटिंगच्या यादीवर उडी मारतो. मधली ती एक ओळ, "१२ इंची फिनिश्ड ब्लॉक, ऑन पॉइंट सेट, २ इंची सॅशिंग, कॉर्नरस्टोनसह" वगैरे, ती तशीच राहून जाते. खरं तर अख्खा पॅटर्न त्या ओळीतच असतो. ब्लॉक, म्हणजे कापडाचे तुकडे जोडून केलेला एक चौकोन, कसा शिवायचा हे चित्रं बघत बघत कुणालाही जमतं, पण ते ब्लॉक एकमेकांशेजारी कसे मांडायचे, ज्याला पॅटर्नमध्ये सेट किंवा सेटिंग म्हणतात, त्यावर क्विल्ट केवढी होणार, कापड किती लागणार, रांगा सरळ जोडायच्या की तिरक्या, एवढंच काय किती ब्लॉक शिवायचे हेसुद्धा ठरतं. म्हणून पॅटर्न वाचायचा तो सेटिंगपासून, कटिंगकडे नंतर वळायचं.

खाली सगळीकडे एकच ब्लॉक धरलाय, १२ इंची. म्हणजे सेटिंग बदललं की आकडे कसे बदलतात ते एका नजरेत कळेल.

आधी मापांचं नीट बघू

फिनिश्ड साइज म्हणजे ब्लॉक चारी बाजूंनी जोडून झाल्यावर क्विल्टमध्ये जेवढा दिसतो तेवढा. अनफिनिश्ड म्हणजे नुकताच मशीनवरून उतरलेला, कडेची माया, म्हणजे शिलाईत जाणारं जास्तीचं कापड, अजून शिल्लक असलेला. क्विल्टिंगमध्ये माया पाव इंच धरतात, दोन्ही बाजूंची मिळून अर्धा इंच, म्हणून १२ इंची फिनिश्ड ब्लॉक हातात असताना साडेबारा इंच भरला पाहिजे. काही पॅटर्नमध्ये नुसतं "१२ इंची ब्लॉक" असं लिहून सोडून देतात. तेव्हा कटिंगच्या यादीत साधे, न जोडलेले चौकोन आहेत का ते शोधा. ते साडेबारा इंचाचे कापायला सांगितले असतील तर १२ हे फिनिश्ड माप, आणि बाराचेच सांगितले असतील तर ब्लॉक साडेअकराचा होणार.

पाव इंचाच्या पटीत न बसणारी मापं मी सुतात सांगणार आहे, एक इंच म्हणजे आठ सूत, कारण पॅटर्नमध्ये सात अष्टमांश आणि तीन अष्टमांश सारखे येतात आणि ते वाचताना माझी तरी जीभ अडखळते.

आता "स्कँट क्वार्टर इंच" असं लिहिलेलं दिसेल. म्हणजे पाव इंचापेक्षा दोऱ्याच्या जाडीएवढी कमी शिलाई. कापड शिलाईवर दुमडतं तेव्हा त्या घडीत थोडं कापड खाल्लं जातं, ते भरून काढायला हे. तुमची शिलाई बरोबर पडते का बघायचं असेल तर दीड इंच रुंदीच्या तीन पट्ट्या शेजारी शेजारी शिवा, इस्त्री करा आणि मधली पट्टी मोजा. बरोब्बर एक इंच भरली तर मशीन लागलं. कमी भरली तर माया जास्त जातेय. किरकोळ वाटतं पण तसं नाही, प्रत्येक शिलाईत दोन्ही कापडांचा अर्धा अर्धा सूत जास्त गेला तर एका शिलाईमागे एक सूत जातो, तीन तुकड्यांच्या रांगेत दोन शिलाया, म्हणजे साडेबाराचा ब्लॉक सव्वाबाराच येतो आणि मग साडेबाराचं सॅशिंग त्याला कसं बसणार?

तुकडा, युनिट, ब्लॉक, टॉप

एक कापलेला तुकडा म्हणजे पॅच. दोन-चार पॅच जोडून जो छोटा चौकोन किंवा आयत होतो तो युनिट. युनिट जोडून ब्लॉक, ब्लॉक जोडून टॉप. टॉप म्हणजे फक्त वरचा थर, त्याखाली बॅटिंग, म्हणजे मधला मऊ भराव, आणि सगळ्यात खाली बॅकिंग, हे तिन्ही एकत्र शिवलं की ती क्विल्ट. पॅटर्नच्या नावावर लिहिलेलं माप बहुतेक वेळा टॉपचं असतं, आणि बॅकिंग-बॅटिंग टॉपपेक्षा चारही बाजूंना काही इंच जास्त लागते, हे खरेदीच्या वेळी विसरू नका.

युनिटची नावं पॅटर्नमध्ये संक्षेपात येतात. एचएसटी म्हणजे हाफ स्क्वेअर ट्रँगल, दोन रंगांचे दोन त्रिकोण जोडून झालेला चौकोन. याचं गणित: फिनिश्ड माप अधिक सात सूत. ३ इंची एचएसटी हवी तर ३ इंच ७ सुताचे दोन चौकोन घ्यायचे, सुलट बाजू आतल्या बाजूला येतील असे एकावर एक ठेवायचे, कर्णरेषेच्या दोन्ही बाजूंना पाव पाव इंचावर शिवायचं आणि मधून कापायचं, दोन एचएसटी मिळतात. बरेच पॅटर्न सात सुताऐवजी सरळ एक इंच वाढवून कापायला सांगतात आणि नंतर साडेतीन इंचावर ट्रिम करायला लावतात. मला दुसरी पद्धत जास्त आवडते. वेळ जातो पण टोकं जुळतात.

क्यूएसटी म्हणजे क्वार्टर स्क्वेअर ट्रँगल, चौकोनात चार त्रिकोण, इथे फिनिश्ड मापात सव्वा इंच वाढवतात. हा सव्वा इंच आणि ते सात सूत लक्षात ठेवा, खाली सेटिंगच्या त्रिकोणांत हेच दोन आकडे परत भेटणार आहेत. फ्लाइंग गीज म्हणजे आयतात बसवलेला एक मोठा त्रिकोण, बाजूला दोन छोटे, आणि त्याची फिनिश्ड रुंदी उंचीच्या नेहमी दुप्पट. स्क्वेअर इन अ स्क्वेअर, स्नोबॉल, रेल फेन्स ही नावं चित्र बघितलं की आपोआप कळतात, त्यात अडकायचं काही नाही.

ब्लॉक कुठल्या ग्रिडचा आहे?

फोर पॅच, नाइन पॅच, फाइव्ह पॅच, सेव्हन पॅच ही नावं फार जण चुकीची वाचतात. नाइन पॅच म्हणजे तीन गुणिले तीनची जाळी, एकूण नऊ घरं, हे ठीक. फोर पॅच म्हणजे दोन गुणिले दोन किंवा तीच परत विभागून चार गुणिले चार. पण फाइव्ह पॅच म्हणजे पाच तुकडे नाहीत, पाच गुणिले पाचची जाळी. सेव्हन पॅच म्हणजे सात गुणिले सात, आणि बेअर्स पॉ नावाचा जुना ब्लॉक याच जाळीतला.

उपयोग काय तर १२ ला ३ आणि ४ ने भाग जातो, म्हणून नाइन पॅचचं घर ४ इंचाचं, चार गुणिले चारच्या फोर पॅचचं ३ इंचाचं, सगळं रुलरवर सरळ मिळतं. पाचच्या जाळीचा ब्लॉक १२ इंची करायला गेलात की घर येतं २.४ इंच, बसा मोजत. म्हणून पाचच्या जाळीचे ब्लॉक १० इंची आणि सातचे १४ इंची दिलेले असतात, आणि एकाच क्विल्टमध्ये वेगवेगळ्या जाळ्यांचे ब्लॉक घालायचे, ज्याला सँपलर म्हणतात, तर सगळ्यांना समान मापावर आणायला छोट्या ब्लॉकभोवती साधी पट्टी लावावी लागते. त्या पट्टीला कोपिंग स्ट्रिप म्हणतात. मापात न बसणारी गोष्ट बसवून घ्यायची पट्टी, एवढंच.

जुन्या पॅटर्नमध्ये इंचांचे आकडे नसतात, नुसते टेम्प्लेट असतात, म्हणजे कागदावर काढलेले आकार. रोटरी कटर, म्हणजे फिरत्या गोल पात्याचा कटर, १९७९ मध्ये ओल्फा या जपानी कंपनीने आणला आणि त्यानंतर हळूहळू पट्टी कापून त्यातून चौकोन कापायची पद्धत रुळली, तोवर सगळं टेम्प्लेटवरच चालायचं. टेम्प्लेट वापरताना एकच गोष्ट तपासा, त्यात माया धरलीय की नाही. दोन रेषा असतील, एक तुटक एक सलग, तर बाहेरची कापायची आणि आतली शिवायची. एकच रेषा असेल तर ती बहुतेक शिवायची रेष असते, माया तुम्ही वाढवायची.

स्ट्रेट सेट

सगळ्यात सोपं सेटिंग. ब्लॉक कडेला कड लावून सरळ रांगांत. चार आडवे, पाच उभे, एकूण वीस ब्लॉक, क्विल्ट ४८ बाय ६० इंच. गणित संपलं.

पण कडेला कड लागली की ब्लॉकचे कोपरे एकमेकांना भिडतात आणि तिथे एक नवीनच आकार तयार होतो जो एकट्या ब्लॉकमध्ये दिसत नाही. याला सेकंडरी पॅटर्न म्हणतात. पॅटर्नच्या फोटोत एखादा मोठा तारा दिसतोय आणि ब्लॉकच्या चित्रात मात्र तो कुठेच सापडत नाही, असं झालं तर तो चार ब्लॉक मिळून झालेला असतो. असे ब्लॉक सॅशिंग घालून वेगळे केले की तो तारा गायब. त्यामुळे "मला सॅशिंग आवडतं, मी घालते" असं करण्याआधी फोटो नीट बघा.

अल्टरनेट सेट म्हणजे एक शिवलेला ब्लॉक, एक साधा चौकोन, किंवा एक अवघड ब्लॉक आणि एक सोपा, असे आलटून पालटून. सिंगल आयरिश चेन हे याचं सगळ्यात ओळखीचं उदाहरण, नाइन पॅच आणि साधा चौकोन आलटून पालटून, आणि तिरकी साखळी आपोआप दिसते. इथे आडव्या आणि उभ्या दोन्ही रांगा विषम संख्येत हव्यात, पाच बाय सात वगैरे, तरच चारही कोपऱ्यांत सारखाच ब्लॉक येतो. चार बाय पाच केलं तर एका बाजूच्या कोपऱ्यांत नाइन पॅच आणि समोरच्या बाजूला साधे चौकोन, आणि ते डोळ्यांना खटकत राहतं.

सॅशिंग आणि कॉर्नरस्टोन

सॅशिंग म्हणजे ब्लॉकच्या मधल्या पट्ट्या, कॉर्नरस्टोन म्हणजे त्या पट्ट्या जिथे एकमेकांना भेटतात तिथला छोटा चौकोन, काही ठिकाणी त्याला पोस्ट असंही लिहिलेलं असतं. आपल्या वीस ब्लॉकांना फक्त आतून २ इंची सॅशिंग घातलं तर रुंदी ४ गुणिले १२ अधिक ३ गुणिले २, म्हणजे ५४ इंच, आणि लांबी ६८. बाहेरूनही सॅशिंग फिरवलं तर ५८ बाय ७२. पॅटर्नमध्ये "आउटर सॅशिंग" हे दोन शब्द आहेत की नाहीत ते म्हणूनच शोधायचं, कारण तुकड्यांत मोठा फरक पडतो. आतून फक्त ३१ पट्ट्या आणि १२ कॉर्नरस्टोन, बाहेरून घेतलं तर ४९ पट्ट्या आणि ३० कॉर्नरस्टोन. पट्ट्या अडीच बाय साडेबारा इंचाच्या कापायच्या, कॉर्नरस्टोन अडीच इंचाचे चौकोन.

कापडाचा हिशोबही इथेच करून टाका. डब्ल्यूओएफ असं लिहिलेलं असतं ते म्हणजे कापडाची पूर्ण रुंदी, एका किनारीपासून दुसऱ्या किनारीपर्यंत, क्विल्टिंगच्या सुती कापडात ती साधारण ४२ इंच वापरता येते असं धरतात. ४२ इंचात साडेबाराच्या तीन पट्ट्या निघतात, ३१ साठी अकरा लांब पट्ट्या कापाव्या लागतील, अडीच इंचाची एक, म्हणजे साडेसत्तावीस इंच कापड. बाहेरचं सॅशिंग घेतलं तर सतरा पट्ट्या, साडेबेचाळीस इंच. तुमचं कापड ४२ पेक्षा कमी रुंदीचं असेल तर हे सगळं परत मांडा, पॅटर्नमधल्या आकड्यावर विसंबू नका.

कॉर्नरस्टोन नसलेलं सॅशिंग सोपं दिसतं, आडवी एक लांब पट्टी लावली की झालं, पण त्यात वरच्या आणि खालच्या रांगेतले ब्लॉक एका रेषेत ठेवणं फार कठीण जातं कारण जुळवायला मध्ये शिलाईच नसते. कॉर्नरस्टोन असला की शिलाईला शिलाई भिडते. मी तरी नवशिक्यांना कॉर्नरस्टोनवालाच पॅटर्न घ्या म्हणेन, भले तुकडे जास्त असोत. आणि सगळ्या शिलाया सॅशिंगच्या दिशेने दाबून इस्त्री करा, ब्लॉकच्या रांगेतसुद्धा आणि सॅशिंगच्या रांगेतसुद्धा, मग जोडताना वरची माया एका बाजूला आणि खालची दुसऱ्या बाजूला येते आणि दोन्ही एकमेकांत अडकून बसतात. पॅटर्नमध्ये "नेस्टिंग सीम्स" लिहितात ते हेच.

ऑन पॉइंट, म्हणजे खरी गंमत

ब्लॉक कोपऱ्यावर उभा केला, पत्त्यातल्या चौकटसारखा, की ते ऑन पॉइंट सेटिंग, याला डायगोनल सेट असंही म्हणतात. रांगा तिरक्या जोडायच्या असतात आणि बहुतेकांची पंचाईत इथेच होते.

पहिली गोष्ट, ब्लॉकची रुंदी आता त्याच्या कर्णाएवढी झाली. चौकोनाचा कर्ण म्हणजे बाजू गुणिले १.४१४. १२ इंची ब्लॉक ऑन पॉइंट ठेवला की जवळजवळ १७ इंच जागा घेतो. तीन आडवे आणि चार उभे ठेवले की क्विल्ट साधारण ५१ बाय ६८ इंच.

दुसरी गोष्ट, ब्लॉक किती? तीन गुणिले चार बारा असं वाटतं, पण या बारांच्या मधल्या जागांत आणखी ब्लॉक बसतात, दोन गुणिले तीन म्हणजे सहा. एकूण अठरा. सूत्र असं की आडवे गुणिले उभे, अधिक दोन्हींतून एक एक वजा करून परत गुणाकार.

आता हे बघा. स्ट्रेट सेटमध्ये वीस ब्लॉक शिवून ४८ बाय ६० मिळाली. इथे अठरा ब्लॉकांत ५१ बाय ६८. आणि मधले सहा जर साधे चौकोन घेतले तर शिवायचे फक्त बारा. अवघड, वेळखाऊ ब्लॉक असेल आणि मोठी क्विल्ट हवी असेल तर ऑन पॉइंट हा सगळ्यात स्वस्तातला सौदा आहे, फक्त कडेचे त्रिकोण नीट कापता आले पाहिजेत.

तर कडेचे त्रिकोण. ब्लॉक कोपऱ्यावर उभे केले की क्विल्टच्या कडेला दात पडतात, ते भरायला साइड सेटिंग ट्रँगल लागतात आणि चार कोपऱ्यांना चार कॉर्नर ट्रँगल. साइडचे किती? आडव्यांतून एक वजा करून त्याची दुप्पट, अधिक उभ्यांतून एक वजा करून त्याची दुप्पट. आपल्याकडे ४ अधिक ६, म्हणजे दहा.

दोन्ही त्रिकोण काटकोनाचेच, दिसायला एकसारखे, एक मोठा एक लहान. पण कापायची पद्धत वेगळी आणि ती वेगळी का आहे हे कळलं की सूत्र पाठ करायची गरजच राहत नाही. कापड ताण्याच्या किंवा बाण्याच्या दिशेने ओढलं तर फारसं ताणत नाही, उरेब, म्हणजे तिरकं ओढलं तर चांगलं ताणतं. क्विल्टच्या बाहेरच्या कडेला उरेब कापड आलं की ती कड लाटेसारखी होते आणि बॉर्डर लावताना रडवते. म्हणून बाहेर येणारी बाजू कायम सरळ धाग्याची हवी. साइड ट्रँगलची लांब बाजू क्विल्टच्या कडेला येते, तेव्हा लांब बाजू सरळ धाग्याची मिळवायला मोठा चौकोन दोन्ही कर्णांवर कापायचा, चार त्रिकोण निघतात, प्रत्येकाची लांब बाजू म्हणजे मूळ चौकोनाची बाजू. कॉर्नर ट्रँगलच्या दोन्ही आखूड बाजू बाहेर येतात, म्हणून छोटा चौकोन एकाच कर्णावर कापायचा, दोन त्रिकोण निघतात.

मापं अशी. साइडसाठी ब्लॉकची बाजू गुणिले १.४१४, अधिक सव्वा इंच: १६.९७ अधिक सव्वा, म्हणजे सव्वाअठरा इंचाचा चौकोन. कॉर्नरसाठी ब्लॉकची बाजू भागिले १.४१४, अधिक सात सूत: ८.४८ अधिक सात सूत, म्हणजे ९ इंच ३ सुताचा चौकोन. वरचे सव्वा इंच आणि सात सूत परत आले, कारण हे त्रिकोण म्हणजे क्यूएसटी आणि एचएसटीचेच मोठे भाऊ.

दहा साइड त्रिकोणांसाठी तीन मोठे चौकोन, बारा निघतील, दोन उरतील. कॉर्नरसाठी दोन छोटे चौकोन. ४२ इंची रुंदीत सव्वाअठराचे दोनच चौकोन बसतात, तिसऱ्यासाठी दुसरी पट्टी कापावी लागते, पण त्या दुसऱ्या पट्टीत शेजारी ९ इंच ३ सुताचे दोन्ही छोटे चौकोन आरामात मावतात. एकूण कापड साडेछत्तीस इंच. एक वार म्हणजे ३६ इंच, अर्धा इंच कमी पडतो! एक मीटर घेतलं तर ३९ इंच, निभावतं. पण कापड धुतलं की आटतं आणि कडा सरळ करण्यातही थोडं जातं, तेव्हा थोडं जास्तच घ्या.

रेषारेषांचं कापड असेल तर आणखी एक घोळ. दोन्ही कर्णांवर कापलेल्या चारांपैकी दोन त्रिकोणांत रेषा लांब बाजूला समांतर येतात आणि दोघांत काटकोनात. क्विल्टच्या वरच्या-खालच्या आणि डाव्या-उजव्या कडांना वाटून लावले तर सगळ्या रेषा एकाच दिशेने जातात, पण त्यासाठी कुठल्या जातीचे किती लागतील ते आधी मोजा, नाहीतर साधं कापड घ्या आणि मोकळे व्हा.

काही पॅटर्न हे त्रिकोण मुद्दाम मोठे कापायला सांगतात, सव्वाअठराऐवजी वीस इंच वगैरे. मग ब्लॉकची टोकं कडेपर्यंत न पोचता थोडी आत राहतात आणि ब्लॉक तरंगल्यासारखे दिसतात, याला फ्लोटिंग सेट म्हणतात. यात टोकं कापली जायची भीती नाही, सुरुवातीला हेच बरं. मोठे कापले नसतील तर शेवटी कडा सारख्या करताना ब्लॉकच्या टोकापासून बाहेर पाव इंच ठेवूनच रुलर लावा, तो पाव इंच बॉर्डरच्या शिलाईत जाणार असतो.

ऑन पॉइंटमध्ये सॅशिंगही असेल तर ब्लॉक आणि सॅशिंग मिळून १४ इंच असं एकच माप धरून १.४१४ ने गुणायचं, पण कडेच्या त्रिकोणांना पॅटर्नचं माप घ्या, प्रत्येक डिझाइनर ते वेगळ्या पद्धतीने सोडवतो.

ब्लॉक तोच, फिरवला की वेगळं

लॉग कॅबिनचा ब्लॉक अर्धा गडद अर्धा फिका असतो, कर्णावर वाटलेला. असे ब्लॉक कसे फिरवायचे त्यावर सेटिंगची नावं आहेत. स्ट्रेट फरोज म्हणजे गडद-फिक्या तिरक्या पट्ट्या. बार्न रेझिंग म्हणजे मध्यापासून बाहेर पसरत जाणारे चौकट आकार. सनशाइन अँड शॅडो म्हणजे चार चार ब्लॉकांच्या गडद बाजू एकत्र, मग शेजारी फिक्या एकत्र. आता इथे घोटाळा असा की अमेरिकेतल्या अमिश पंथाच्या लोकांच्या क्विल्टमध्ये सनशाइन अँड शॅडो नावाचा वेगळाच प्रकार आहे, छोट्या छोट्या चौकोनांचे एकात एक चौकट आकार, ट्रिप अराउंड द वर्ल्ड नावाच्या पॅटर्नच्या जवळचा. नावावर जाऊ नका, चित्र बघा. साध्या एचएसटीनेही हे सगळे लेआउट होतात, तेव्हा आठ-दहा एचएसटी कागदावर रंगवून फिरवून बघायला काहीच हरकत नाही.

ब्लॉकच्या रांगा नसलेली सेटिंगंही आहेत. मेडॅलियन म्हणजे मध्ये एक मोठा तुकडा आणि त्याभोवती एकामागून एक बॉर्डर. यात आधीची फेरी जरा लहान-मोठी झाली तर पुढची सगळी बिघडतात, म्हणून प्रत्येक फेरीनंतर मोजावं लागतं. स्ट्रिपी म्हणजे उभ्या लांब पट्ट्या, मध्ये साधं कापड. झिगझॅग सेटमध्ये ब्लॉक ऑन पॉइंट पण उभ्या रांगांत जोडतात आणि शेजारची रांग अर्ध्या ब्लॉकने खाली सरकवतात, साइड ट्रँगल भरपूर लागतात. वन पॅच म्हणजे अख्खी क्विल्ट एकाच आकाराच्या तुकड्यांची, षटकोन किंवा चौकोन. षटकोनवाल्यात वाय-सीम येतात, तीन शिलाया एका बिंदूत, तिथे माया सोडून आधीच थांबायचं असतं, कडेपर्यंत शिवायचं नाही.

बॉर्डर

बट बॉर्डर म्हणजे आधी दोन बाजूंना पट्ट्या, मग वर-खाली. मायटर्ड म्हणजे कोपऱ्यात ४५ अंशात तिरकी शिलाई, फोटो फ्रेमला असते तशी, आणि यात प्रत्येक पट्टी क्विल्टच्या बाजूपेक्षा बॉर्डरच्या रुंदीच्या दुप्पट अधिक काही इंच जास्त लांब लागते. कॉर्नरस्टोनवाली बॉर्डर म्हणजे कोपऱ्यात चौकोन. स्टॉप बॉर्डर म्हणजे ब्लॉक आणि मोठ्या बॉर्डरच्या मधली बारीक पट्टी, नजर थांबवायला. पियानो की म्हणजे छोट्या पट्ट्यांची, सॉटूथ म्हणजे एचएसटींची. अशी जोडलेली बॉर्डर असेल तर तिची लांबी युनिटच्या मापाच्या पटीत असावी लागते, आणि टॉपचं माप त्या पटीत बसत नसेल तर मध्ये परत ती कोपिंग स्ट्रिप येते.

बॉर्डरची लांबी पॅटर्नमध्ये दिलेली असली तरी ती कापू नका. टॉप सपाट पसरा, मधोमध मोजा आणि दोन्ही टोकांपासून थोडं आत अशा आणखी दोन जागी मोजा, तिन्हींची सरासरी काढा, तेवढ्या लांबीच्या दोन्ही पट्ट्या कापा आणि टॉपला त्यात बसवा. कडेवर लांब पट्टी ठेवून शिवत गेलं आणि उरलेली शेवटी कापली, असं केलं की बॉर्डर हमखास झालरीसारखी होते, कारण कड नेहमी मध्यापेक्षा थोडी ताणलेली असते.

जोडायच्या आधी

सगळे ब्लॉक जमिनीवर किंवा भिंतीवर लावलेल्या फ्लॅनेलवर मांडा, फोटो काढा आणि तो फोटो मोबाइलवर ब्लॅक अँड व्हाइट करून बघा. पॅटर्नमध्ये "व्हॅल्यू" म्हणतात ती म्हणजे रंगाची गडद-फिकी पातळी, आणि ब्लॅक अँड व्हाइटमध्ये दोन रंग एकसारखे करडे दिसले तर प्रत्यक्षात कितीही वेगळे असोत, लांबून ते एकमेकांत मिसळणार. तेव्हाच ब्लॉक हलवा. मग प्रत्येक रांगेच्या पहिल्या ब्लॉकला टाचणीने आकडा लावा. ऑन पॉइंट असेल तर रांगा तिरक्या आहेत हे लक्षात ठेवून एका कोपऱ्यातून सुरुवात करा, प्रत्येक तिरक्या रांगेच्या दोन्ही टोकांना साइड ट्रँगल आधी जोडा, मग रांगा एकमेकींना. आपल्या तीन बाय चारच्या मांडणीत दोन रांगा अशा येतील की त्यांच्या एका टोकाला साइड ट्रँगल नसतो. चुकलंय असं वाटेल, पण ती जागा कोपऱ्याची असते. चारही कॉर्नर ट्रँगल सगळ्यात शेवटी लावायचे. लावताना त्रिकोणाच्या लांब बाजूचा मध्य घडी घालून खूण करा, ब्लॉकच्या बाजूचाही मध्य तसाच काढा, दोन्ही जुळवून टाचा आणि त्रिकोण खाली, ब्लॉक वर ठेवून शिवा. शिवली जाणारी ती लांब बाजू उरेब असते, ती खाली राहिली की मशीनचे दातच तिला ओढून घेतात आणि वरून आपल्या हाताने ती ताणली जात नाही.